एकदाही न वाजलेली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, गाण्याची. मित्रांनो, आमच्या जातीला सुईखेरीज कुणाशी बोलायची सवय नसते, आणि माझी तर सुईशीही गाठ फार उशिरा पडली. त्यामुळे ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे. शिवाय तीत अभिमानाने सांगण्यासारखे थोडे आणि मान खाली घालण्यासारखे बरेच आहे. तरीही सांगते.

माझे मूळ गाव केमी, फिनलंडच्या उत्तरेचे. तिथे नदी समुद्राला मिळते त्या जागी लाकूड कापायची एक मोठी गिरणी होती. गिरणीचा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा मालकांनी ठरवले, की या वेळी कामगारांना घड्याळे वाटायची नाहीत, त्यांच्याच वाद्यवृंदाची तबकडी काढून वाटायची. एका रविवारी, करवती बंद असताना, गिरणीच्या कॅन्टीनमध्ये ध्वनिमुद्रण झाले. अकॉर्डियन होते, व्हायोलिन होते, एक ढोल होता, आणि गायला कॅन्टीनची स्वयंपाकीण हिल्का होती.

माझ्या पहिल्या बाजूचे पहिले गाणे आर्मासने रचलेले आहे. आर्मास गिरणीत करवतींना धार लावत असे. करवतीची मोठी गोल पाती तापून वाकली, की हातोडीने ठोकून ती सपाट करणे हेही त्याचेच काम. त्याच्या गाण्यात तीन कडवी होती आणि तिन्ही हिल्कासाठी होती. हे साऱ्या गिरणीला ठाऊक होते. हिल्काला मात्र शेवटच्या सरावापर्यंत पत्ता नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचे लग्न झाले.

मग दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात काळ्या मालाचा ऊन ऊन गोळा दोन साच्यांच्या मध्ये दाबला गेला आणि मी झाले. माझ्यासोबत माझ्या बहिणीही झाल्या, पण फार नाही. गिरणीत माणसे होती तेवढ्याच. आम्हाला ओंडक्यांच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या वाद्यवृंदाच्या फोटोचे कव्हर मिळाले. भेट म्हणून शोभून दिसावे यासाठी वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून ते गरम हवेने आवळण्यात आले. दिवाळीच्या नव्या कपड्यांत तुम्ही जसे मिरवता, तशी मी त्या प्लॅस्टिकमध्ये मिरवत होते.

माझ्या बहिणी घराघरांत गेल्या, त्याच दिवशी उघडल्या गेल्या आणि वाजल्या. काहींवर कॉफी सांडली, काहींवर पोरे बसली. मी मात्र गोदाम सांभाळणाऱ्या एका अबोल गृहस्थाच्या वाट्याला आले. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. "कधी कुणी प्लेअर घेऊन आलं तर ऐकू," असे म्हणून त्यांनी मला पेटीत, ठेवणीतल्या टेबलपोसाखाली ठेवले. प्लेअर घेऊन कुणी आले नाही. पहिली काही वर्षे मी वाट पाहिली. मग वाट पाहण्याची सवय झाली. आणि मग, मित्रांनो, हळूहळू मला असे वाटू लागले, की मी इतरांपेक्षा काहीतरी वेगळी आहे. माझ्यावर एकही ओरखडा नाही!

ते गृहस्थ गेल्यावर त्यांच्या भाचीने घरातले सामान जुन्या बाजारात एका टेबलावर मांडले. वसंत ऋतू होता, रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला होता. तिथे मला ताइस्तोने पाहिले.

ताइस्तो त्याच जानेवारीत टपाल खात्यातून निवृत्त झाला होता. एकटा माणूस, तबकड्या जमवण्याचा नाद जुना. नोकरीत असताना तो म्हणायचा, एकदा निवृत्त झालो की सगळे शांतपणे ऐकीन. निवृत्त झाला आणि ऐकायचे सोडून विकत घेत सुटला. दर शनिवारी बाजार, आठवड्याच्या बाकी दिवशी टपालाने येणारी पुडकी. बिचाऱ्याला दोनच कान. किती पुरे पडणार? कपाटे भरली, भिंतीकडेची जमीन भरली, आणि जूनमध्ये त्याने घरातला सौना भरला. गरम फळ्यांवर बसून घाम काढायची ती छोटी खोली. आमच्याकडे ज्याने आपल्या सौन्यात सामान भरले, त्या माणसाविषयी शेजारी हळू आवाजात बोलतात.

मला पाहताच तो जागीच थांबला, पण चेहरा त्याने कोरा ठेवला. ही अशा जमवणाऱ्यांची युक्ती असते. हवी ती वस्तू उचलायची नाही, आधी शेजारची भलतीच उचलायची. त्याने एक पोचा आलेली कॉफीची किटली उचलली, तिचे झाकण तीनतीनदा उघडून पाहिले, "बरी दिसतेय," म्हणाला, आणि मग अगदी आठवल्यासारखे, "बरं, हीपण द्या सोबत," म्हणून मला घेतले. या युक्तीपायी त्याच्या घरात किटल्यांची रांग लागली होती.

घरी आल्यावर त्याने मला दिव्याखाली धरले, चारी कोपरे पाहिले, आणि पुटपुटला, "कोरी!" जमवणाऱ्यांच्या लेखी याहून वरचा दर्जा नाही. न वाजलेल्या तबकडीला वाजलेल्या तबकडीपेक्षा कितीतरी जास्त मान. विचार करा, मित्रांनो. गाण्यासाठी जन्मलेलीला न गाण्याबद्दल मान! कधीच नांगराला न जुंपलेल्या बैलाला पहिले बक्षीस द्यावे, तसे. पण मला तेव्हा हे विचित्र वाटले नाही. मी फुगले.

नोव्हेंबरमध्ये दाराची घंटा वाजली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी एक म्हातारी आत आली, बूट काढून लोकरी मोज्यांवर उभी राहिली. ताइस्तोने लिफ्टमध्ये तिच्यापुढे माझ्याविषयी बढाई मारली होती.

"ताइस्तो, तू म्हणालास ती हीच का रे?" तिने चष्मा लावून कव्हर जवळ घेतले. "ही बघ, डावीकडची मी. ॲप्रन काढायलासुद्धा वेळ दिला नाही मेल्यांनी."

ती हिल्का होती. माझ्या अंगावरच्या बारीक रेषांत जिचा आवाज आहे, ती माझ्यासमोर उभी होती.

"हिल्काबाई, तुमच्याकडे नाही का एखादी?" ताइस्तोने विचारले.

"होत्या की, दोघांच्या दोन. एक घर बदलताना फुटली. दुसरी धाकट्या दिराने सौन्याच्या फळीवर ठेवली आणि शेगडी पेटवली. वाडगा झाला तिचा. बरीच वर्षं बटाट्याच्या साली टाकत होते त्यात." ती हसली, मग थांबली. "आर्मासला तिकडे वृद्धाश्रमात ठेवल्यापासून तो दिवसभर ते गाणं गुणगुणतो. बाकी सगळं विसरलाय, हे आठवतं. पहिलं कडवं अगदी नीट म्हणतो आणि मग अडतो. 'पुढे काय, हिल्का? पुढे काय?' अख्खा दिवस तेच. रडकुंडीला येतो रे. आणि मी गायलेय ते, मलाच दुसरं कडवं आठवत नाही. वाद्यवृंदातलं आता कुणी उरलं नाही. तू एकदा लाव. मी ऐकते, पाठ करते, जाऊन त्याला म्हणून दाखवते. एवढंच."

ताइस्तोने माझ्याकडे पाहिले. "अजून फोडलेली नाही ही."

"ते दिसतंय. कात्री आणू वरून?"

"नाही, तसं नव्हे..." तो टपालाच्या खिडकीमागून बोलावे तसा बोलू लागला. "नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत आमची मंडळी जमतात. वर्षभरात काय घेतलं ते दाखवायचं असतं. तोवर ही अशीच ठेवायचीय. त्यांनी पाहिली की लगेच उघडू. तुम्हीच या त्या दिवशी. नक्की लावू."

"नाताळानंतर?"

"थोडेच तर दिवस."

"हं," हिल्का म्हणाली. बूट घालताना, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "आत्ता त्याचे दिवस बरे आहेत."

डिसेंबरच्या सुरुवातीला ती पुन्हा आली. सुक्या आलुबुखाराचा मुरंबा भरून चांदणीच्या आकारात भाजलेल्या नाताळच्या करंज्या तिने बशीत आणल्या होत्या. तिने गाण्याचे नाव काढले. ताइस्तो म्हणाला, "मी दुसरी, वाजवलेली प्रत शोधतोय तुमच्यासाठी. सगळीकडे कळवलंय." ते खरे होते. त्याने खरोखर कळवले होते, आणि तेवढ्याने आपण काहीतरी केले असे त्याला वाटत होते. हिल्काने बशी ठेवली आणि ती गेली. आमच्याकडे माणूस एक गोष्ट दोनदा मागतो. तिसऱ्यांदा मागत नाही.

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण त्या दोन्ही वेळा मला हायसे वाटले. बरे झाले, माझे प्लॅस्टिक वाचले, असेच माझ्या मनात आले.

नाताळानंतरच्या त्या मधल्या दिवसांपैकी एका दुपारी मंडळी जमली. मंडळी म्हणजे ताइस्तो धरून तिघेच. एक इल्पो, जन्मभर बस चालवलेला, जिभेला हाड नसलेला. दुसरी रित्वा, ग्रंथालयातून निवृत्त झालेली. त्यांचा एक जुना रिवाज आहे. वर्षभरातली खरेदी भिंतीला टेकवून उभी करायची. मग बाकीच्यांनी त्यातली कुठलीही एक उचलून विचारायचे, हिच्या दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे कसे आहे? मालकाला सांगता आले नाही, तर त्या दिवशीचे कप त्याने धुवायचे.

इल्पोने पहिली उचलली. "दुसरी बाजू, शेवटचं गाणं?"

"ती... उन्हाळ्यात घेतली मी," ताइस्तो म्हणाला.

"उन्हाळ्यातच घेतली असशील. मी गाणं विचारतोय."

"नाही ऐकली अजून."

"ही?"

"नाही."

"बरं, ही तरी? हिच्यावरून तर तूच फोन करून अर्धा तास माझं डोकं खाल्लं होतंस!"

ताइस्तोने ती त्याच्या हातातून घेऊन परत भिंतीला टेकवली. रित्वा सौन्यात डोकावून आली. "इल्पो, तिथे आत आणखी आहेत. पुडकीसुद्धा फोडलेली नाहीत."

"अरे लेका, मग तू गाणी घेतलीस की पुठ्ठे?" इल्पो हसत सुटला. "या हिशेबाने तू ईस्टरपर्यंत कप धुणार. आमच्या घरचेसुद्धा आणून देतो."

ताइस्तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. वर्षभराची खरेदी अशी भिंतीला लावून पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभी होती. मग त्याने घाईघाईने मला काढले. दोघे एकदम जवळ सरकले. रित्वाने हात रुमालाला पुसले. "गिरणीची? आणि कोरी?" इल्पोने शीळ घातली. "मानलं तुला. वर्षाची तबकडी हीच." मित्रांनो, आयुष्यात इतके कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. माझे अंग आतल्या आत ताठ झाले.

तेवढ्यात घंटा वाजली. हिल्का आली होती, चांगला कोट घालून.

"बसत नाही मी," ती म्हणाली. "तू ये म्हणाला होतास म्हणून सांगायला आले. आता नको उघडू ती, ताइस्तो. नाताळच्या आदल्या दिवसापासून तो गुणगुणत नाही. मलाही ओळखत नाही. तू उगीच फोडशील आणि फुकट जाईल. लिफ्टमध्ये तू म्हणाला होतास ना, फोडली की मोल उतरतं म्हणून. म्हटलं, वेळेत सांगावं."

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती माझे प्लॅस्टिक वाचवायला आली होती.

इल्पोने तिच्याकडे पाहिले, मग ताइस्तोकडे. "काय मागितलं होतं यांनी?"

ताइस्तोने सांगितले. सांगताना तो टेबलावरच्या करंज्यांचा चुरा बोटाने गोळा करत होता.

"म्हणजे नोव्हेंबरपासून?" इल्पोच्या आवाजातली थट्टा गेली होती. "आम्हाला दाखवायची म्हणून? मला? अरे, मी कोण लागून गेलो?"

ताइस्तो उठला. पाव कापायची सुरी त्याने घेतली आणि माझ्या कडेने फिरवली. इतकी वर्षे ज्या प्लॅस्टिकला मी माझी शोभा समजत होते, ते चर्रकन फाटले. वारा लागला. रित्वाने मला टेबलावर ठेवले आणि खाली वाकून माझ्या कडेकडे पाहिले. माझ्या कडेखालून तिचे बोट सहज आत गेले.

"वाकलीय," ती म्हणाली.

प्लॅस्टिक वर्षानुवर्षे आवळत गेले होते आणि त्याने मला हळूहळू वाकवले होते. मित्रांनो, असे होते हे तबकड्या जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या तिघांनाही ठाऊक होते. तिघांच्याही घरी न फोडलेल्या तबकड्या होत्या. तिघेही जमिनीकडे पाहत उभे राहिले. मी तर कुठे पाहू हेच मला कळेना. मी जपली गेले नव्हते. त्या पेटीत मी वाया जात होते, आणि त्यावरच मी गर्व केला होता.

"वाजेल तशी वाजेल," इल्पो म्हणाला. "हिल्काबाई, बसा माझ्या गाडीत. तू प्लेअर उचल रे."

वृद्धाश्रमातल्या खोलीत आर्मास खिडकीपाशी बसला होता. ताइस्तोने मला प्लेअरवर ठेवले आणि सुई टेकवली. माझे पहिले गाणे! केवढी वाट पाहिली होती मी या क्षणाची. पण सुई चढायची आणि उतरायची. अकॉर्डियनचा सूर लांबायचा आणि आखडायचा. हिल्काचा तरुण आवाज लाटेवरच्या होडीसारखा वरखाली होऊ लागला.

आर्मासने मान वर केली. त्याचे डोळे एकदम जागे झाले. हिल्का त्याच्याकडे वळली.

"पातं वाकलंय," आर्मास म्हणाला. खणखणीत आवाजात, गिरणीत बोलावे तसा. "ऐकू येत नाही का तुम्हाला? मशीन बंद करा आधी!"

"आर्मास, हे गाणं आहे. तुझं."

"बंद करा म्हणतो ना! कुणाचा तरी हात जाईल!"

तो उठायला धडपडू लागला. ताइस्तोने घाईने सुई उचलली. पहिले कडवेसुद्धा संपले नव्हते. आर्मास हळूहळू शांत झाला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला तो बिघाड बरोबर कळला होता. पण तो माझ्यात होता, हे त्याला कोण सांगणार?

परत आल्यावर हिल्का ताइस्तोच्या स्वयंपाकघरात बसली. कोटही काढला नव्हता. "आता लाव," ती म्हणाली. "सगळं लाव. मला ऐकायचंय."

मी वाजले. हेलकावत, अडखळत, पण दुसरे कडवे आले. गुरुवारचे वाटाण्याचे सूप करपले होते, असे त्यात होते. सगळी गिरणी कुरकुर करत होती, पण मी मात्र ताटली घेऊन दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलो.

हिल्का ताठ झाली. "करपलं होतं म्हणे! माझं सूप कधी करपलं नाही. एकदासुद्धा नाही." मग तिने चष्मा काढून पुसला. "पुन्हा लाव," ती म्हणाली. ताइस्तोने पुन्हा लावले. तो खुर्चीवर बसला नाही. मी संपेपर्यंत दरवेळी उभाच राहिला. तिला कडवे पाठ झाल्यावर तो म्हणाला, "हिल्काबाई, मी..." आणि पुढे त्याला येईना.

"नोव्हेंबरमध्ये त्याला हे कळलं असतं," हिल्का म्हणाली. "हसला असता." तिने बटणे लावली आणि ती गेली.

ताइस्तोने मग तिच्याकडे क्षमा मागितली की नाही, मला ठाऊक नाही. मी पाहिले ते एवढेच. शनिवारी तो बाजारात जात नाही. सौना रिकामा करायला घेतलाय. एकेक पुडके फोडतो, दोन्ही बाजू संपेपर्यंत बसून ऐकतो, आणि मगच दुसरे उचलतो. पण हे सगळे ज्याच्यासाठी वेळेत व्हायला हवे होते, त्याच्यासाठी ते झाले नाही. हे तो जाणतो, मीही जाणते.

हिल्का अधूनमधून खाली येते आणि मला ऐकून जाते. आर्मासकडे ती अजूनही जाते आणि आता तिन्ही कडवी म्हणते. परवा तिने ताइस्तोला सांगितले, की गाणे संपल्यावर आर्मासने टाळ्या वाजवल्या. मग अदबीने मान लववून म्हणाला, "छान गाता हो तुम्ही, बाई. कुठल्या तुम्ही?"

"मग काय सांगितलंत?" ताइस्तोने विचारले.

"सांगितलं, कॅन्टीनमधली. दुसरं काय सांगणार?"

मित्रांनो, माझ्या पाठीचा बाक आता जायचा नाही. असे बाक हातोडीने ठोकून सरळ करणारा आर्मास होता, पण त्याला आता मी कोण ते कळत नाही. मी तुम्हाला काय शिकवणार? तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात. फक्त एक विनंती करते. तुमच्या घरी काही जपून ठेवलेले असेल, नवे कोरे, हात न लावलेले, आणि कुणी दारात उभे राहून ते थोड्या वेळासाठी मागत असेल, तर त्याला पुन्हा यायला लावू नका. पहिल्याच वेळी द्या.